लाराबाचा कोरडा रांजण

लाराबाच्या झोपडीमागं भिंतीच्या कडेला सात फुटकी भांडी ओळीनं मांडलेली होती. घरी येणारा-जाणारा हमखास विचारायचा, "अगं, ही खापरं कशाला जपून ठेवलीयस? उकिरडा काय लांब आहे का?" लाराबा म्हणायची, "ती माझी शाळा आहे. शाळा कुणी उकिरड्यावर टाकतं का?"

शाळा खरीच होती. वयाच्या बावन्नाव्या वर्षी घातलेली.

त्याआधी तीस वर्षं ती गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या कुंभारकामाच्या कार्यशाळेत लाकडं पोचवत होती. रानात जायचं, वाळकी लाकडं तोडायची, मोळी बांधायची आणि खांद्यावर घेऊन चढ चढायचा. खांद्यावरच. ग्बाग्यी जमातीची बाई डोक्यावर ओझं घेत नाही. डोकं म्हणजे अंगाचा राजा, आणि राजाच्या टाळक्यावर सरपण कोण ठेवील? पाणी असो, धान्य असो, लेकाचं दप्तर असो, सगळं खांद्यावर. तीस वर्षांत लाराबाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली गेला होता. मागून कुणी बघितलं तर वाटावं, ही बाई सारखी कुणाचं तरी गुपित ऐकायला वाकली आहे.

कार्यशाळेत चाकं होती, मोठी विटांची भट्टी होती, झिलईचे पिंप होते. पण लाराबाचे पाय थबकायचे ते पलीकडच्या गवती छपरापाशी. तिथं असाबे काम करायची.

असाबे तेव्हा पंचाहत्तरीची. उंच, हाडकुळी, काटक. चाकावरची पोरं बसून असायची आणि त्यांचं भांडं फिरायचं. असाबेचं भांडं जागचं हलायचं नाही, असाबेच त्याच्याभोवती फिरायची. तीही पाठीमागं चालत, एक हात भांड्याच्या आत, एक बाहेर, पायाखालची जमीन न बघता. चालता चालता मातीची जाड वळी काठावर बसवायची, दाबायची, भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्यानं वर ओढायची. कमरेपर्यंत उंचीचा रांजण तिच्या हाताखाली असा वर यायचा की जणू तो जमिनीतच होता आणि बाई त्याला फक्त हाक मारून बाहेर बोलावते आहे. फूटपट्टी नाही, दोरा नाही. पुरा झाला की बघावं तर कुठल्याही बाजूनं सारखा. चाकावरची पोरं कितीही हसली-खिदळली तरी असाबे रांजणाची मान चढवायला लागली की गप्प व्हायची.

एक दिवस लाराबानं मोळी टाकली आणि ती तशीच उभी राहिली.

"काय बघतेस?" असाबेनं मान न वळवता विचारलं.

"मावशी, मला शिकवाल?"

"तुझी आई माझ्या शेजारी बसून रांजण करायची. तुला शिकवायच्या आतच बिचारी गेली. ते झालं. पण मी तर जिवंत होते ना? इतकी वर्षं काय करत होतीस?"

"लाकडं आणत होते."

"मग आण की. लाकडं टाकून झाली की माती तुडवायला ये."

अशी शाळा सुरू झाली. वर्गात आठ जण. सात तरुण, आणि एक लाराबा. त्यातला गाम्बो नावाचा गडी पंचविशीचा, चाकावर हात फार गोड, आणि जीभ त्याहून चालती. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काकू, तुम्ही भट्टीत घालायचं सामान आणता आणता आता स्वतःच भट्टीत निघालात की!"

"निघाले तर निघाले," लाराबा म्हणाली, "तू कच्चा राहू नकोस म्हणजे झालं."

पहिला वाडगा तडकला. असाबेनं तुकडा उचलला, नखानं त्यातून मुगाएवढा खडा काढला आणि लाराबाच्या तळहातावर ठेवला. "तुडवताना मन कुठं होतं?" एवढंच. त्यानंतर लाराबा माती तुडवायची तेव्हा डोळे मिटून तुडवायची. टाचेला खडा कळतो, डोळ्याला कळत नाही.

दुसरं मडकं आव्यात फुटलं. उघड्यावर गवत, फाटी आणि शेण रचून पेटवलेला आवा, आणि त्यातून बंदुकीसारखा आवाज. सगळे उडाले. असाबे जागची हलली नाही. म्हणाली, "पोटात पाणी ठेवून आगीत गेलं ते. वाळलं का वाळलं का म्हणून मला सहा वेळा विचारलंस. त्याला एकदा तरी गालाला लावून बघितलंस? गार लागलं तर ओलं आहे. मला विचारून काय उपयोग, माझा गाल माझ्या मडक्यासाठी."

तिसरं, चौथं आणि पाचवं, तिन्ही एकाच बाजूला कलली आणि तशीच भाजली तेव्हा फुटली. लाराबा रडकुंडीला आली. माती चाळली, वळ्या मापून केल्या, बुंध्याला ओलं फडकं गुंडाळलं, तरी मडकं कलतंच. गाम्बो म्हणाला, "काकू, तुमचं मडकं पण कुणाचं तरी ऐकायला वाकलंय." सगळे हसले. असाबे हसली नाही. ती लाराबाच्या मागं जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिचं चालणं बघत राहिली.

"मडकं वाकडं नाही," ती शेवटी म्हणाली, "तू वाकडी आहेस. उजवा खांदा खाली, म्हणून उजवा हात जास्त दाबतो. तीस वर्षांची लाकडं तू मडक्यावर ठेवतेस."

"मग आता काय खांदा कापू?"

"कशाला कापतेस? दहा फेऱ्या अशा घाल, दहा उलट्या घाल. खांदा आहे तोच राहू दे. मडक्याला दोन्हीकडून सारखा भेटला म्हणजे झालं."

लाराबा त्या दिवशी घरी गेली ती वाटेत मधूनच थांबत, स्वतःशी हसत. बावन्न वर्षांत तिला कुणी असं नीट बघितलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, डॉक्टरनं नाही. या म्हातारीनं, जिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, तिनं बघितलं.

सहाव्याची मान घाईनं बसवली, ती खाली खचली आणि भाजताना फुटली. सातवं मात्र असं उतरलं की लाराबाचा स्वतःवरच विश्वास बसेना. ते खांद्यावर घेऊन ती सगळ्या कार्यशाळेला दाखवत निघाली, आणि कचेरीच्या दारातून आत शिरताना ते चौकटीवर आपटलं. उरला नुसता काठ. असाबे हसून हसून जमिनीवर बसली. "अगं, मातीनं सांगितलं, आगीनं सांगितलं, आता दारानंही सांगितलं! आणखी कोण राहिलंय सांगायचं?"

त्या सात खापरांचं पुढं काय करायचं ते असाबेनं आधीच सांगून ठेवलं होतं. मोठा रांजण नुसत्या मातीचा होत नाही. मातीत भाजलेल्या खापरांचा कुटून चाळलेला चुरा घालावा लागतो, नाहीतर वाळताना रांजण उकलतो. आणि तिथं असाबेचा एक हट्ट होता: चुरा आपल्याच खापरांचा हवा. बाजारातून गोळा केलेला नको, शेजारणीचा नको.

"माती काय ओळखते का मावशी, कुणाचं खापर ते?" लाराबानं विचारलं होतं.

"माती नाही ओळखत. कुटताना तू ओळखशील."

धुळीचा कोरडा वारा उत्तरेकडून वाहायला लागला, ओठ फुटायचे दिवस आले आणि असाबेनं सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, "माझ्या डोळ्याचं काम आहे. मिन्ना शहरात लेकीकडं जाणार. डोळा कापून झाला की महिनाभर इथं येईन, मग कायमची लेकीकडं. या छपरात माझ्यानंतर कुणी उभं राहायचं असेल तर त्यानं रांजण करावा. माझ्या कसोटीला उतरला तर माझा मडकी घोटायचा दगड त्याचा."

कार्यशाळेचा कारभारी बित्रुस शेजारीच उभा होता. सभ्य माणूस, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. तो घसा साफ करून म्हणाला, "कुणी तयार झालं नाही तर हा वर्ग बंद करावा लागेल, आजी. छपरात चार चाकं बसतील. हातानं रांजण शिकायला येतंय कोण?"

सगळ्यांनी लाराबाकडं बघितलं. बाकीचे सात जण चाकावर रमले होते. लाराबानं खाली मान घातली. हे छप्पर तिला हवं होतं. आयुष्यात दुसरं काही तिनं इतकं हवंसं म्हणून मागितलं नव्हतं.

कसोटी साधी होती. संध्याकाळी रांजण भरायचा, दुसऱ्या दिवशी भर दुपारी असाबे भोपळ्याच्या कटोऱ्यातून पाणी पिणार. ती बरंवाईट बोलायची नाही. एक घोट घेऊन उरलेलं पाणी जमिनीवर ओतलं, की रांजण नापास. दुसरा कटोरा मागितला, तर पास. चाळीस वर्षांत तिनं दुसरा कटोरा तीनदाच मागितला होता.

लाराबानं सातही खापरं कुटली. खडा सापडला होता तो वाडगा कुटताना हसली, काठ कुटताना जरा हळहळली. मग माती मळली आणि रांजण उभा केला, दहा फेऱ्या अशा, दहा उलट्या. पाच दिवस चालत होती. रांजणाच्या खांद्यावर तिनं मातीची एक पाल बसवली, उठावाची, शेपटी वळवलेली. बारा दिवस सावलीत वाळवला, रोज गालाला लावला. आवा पेटवला तेव्हा असाबे काठी टेकत तिथंच बसून होती. लालबुंद रांजण लांब काठ्यांनी बाहेर ओढला, आणि डोरावा झाडाच्या शेंगांची टरफलं उकळून केलेला काळा काढा लाराबानं गवताच्या कुंच्यानं त्याच्या मानेवर, खांद्यावर सपासप मारला. फसफसत धूर उठला आणि रांजणाला गडद तपकिरी चमक आली. तो काढा पोटाला लावायचा नसतो, नुसता मानेला, खांद्याला. तिनं तसंच केलं.

असाबे दुसऱ्या दिवशी मिन्नाला गेली.

लाराबानं रांजण भरून बघितला. रांजणाच्या पोटाला घाम आला. घाम यायचाच, ते तिला ठाऊक होतं. पण हा घाम थांबेना. थेंब ओघळले, बुडाशी ओलं वर्तुळ झालं, वर्तुळ वाढत वाढत गाम्बोच्या पायापर्यंत आलं. शेजारी त्याचे झिलईचे चंबू मांडले होते, हाडासारखे कोरडे.

"काकू," गाम्बो म्हणाला, "तुमच्या रांजणाला सर्दी झालीय. फडकं द्या त्याला."

"नवा आहे. चार दिवसांत मुरेल."

"मुरेल तेव्हा मुरेल. परवा राजधानीहून पाहुणे येतायत, आजीही येतायत. त्यांच्यापुढं तळं साचवणार का?"

तो चेष्टा करत होता. पण सात फुटकी मडकी ज्या बाईनं बघितलीत, तिला आठव्याची गळती चेष्टेवारी नेता येत नाही. लाराबा रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाली. सकाळी तिनं रांजण रिकामा केला, वाळवला, गवताफाट्यांत पुन्हा तापवला आणि गाम्बोला हाताशी घेऊन टरफलांचा काढा रांजणाच्या पोटात ओतला. घोळवला. पुन्हा ओतला. बाहेरूनही पोटाला चोपला. एकदा, दोनदा, तीनदा. रांजण असा चमकला की गाम्बोनं शीळ घातली.

"काकू, आता यातून देवाचीही नजर आरपार जायची नाही!"

पाहुणे आले त्या दुपारी ऊन अंगाला चावत होतं. रांजण कडुलिंबाखाली ठेवलेला. पाहुण्यांनी त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, पालीवर हात फिरवला, फोटो काढले. लाराबा नवं निळं कापड नेसून उभी होती. तिच्या खांद्याकडं आज कुणी बघत नव्हतं.

असाबे आली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला धूसर दिसायचं. लोक बाजूला झाले. तिनं रांजणाला हात लावला. आधी मान, मग पाल, मग तळवा सरकत पोटावर आला आणि तिथं थांबला. बराच वेळ थांबला. हाताला ओल लागली नाही.

लाराबानं कटोरा भरून दिला. असाबेनं एक घोट घेतला. तोंडात जरा धरला. गिळला. आणि मग कटोरा वाकडा करून उरलेलं पाणी कडुलिंबाच्या मुळाशी ओतलं.

"छान दिसत असेल," ती म्हणाली, आणि काठी टेकत छपराकडं गेली.

पाहुण्यांना काही कळलं नाही. एकानं टाळ्याही वाजवल्या. लाराबा कटोरा बुडवून स्वतः प्यायली. पाणी उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यातलं असावं तसं कोमट होतं. रांजणाला घाम नाही, तर पाण्याला गारवा कुठला? लहान पोराला ठाऊक असलेली गोष्ट तिनं भीतीपायी पुसून टाकली होती, तीही आपल्याच काढ्यानं.

बित्रुस तिच्याजवळ आला. तो मनानं चांगला होता. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पाहुणे फार खूश आहेत. हा रांजण आपण दर्शनी खोलीत ठेवू. मी स्वतः नावाची चिठ्ठी लिहितो."

त्यानं लिहिली. लाराबाला अक्षर येत नव्हतं, तेव्हा त्यानं बोट फिरवून दाखवलं, "हे तुमचं नाव. हे 'रांजण'." तीन दिवस लाराबा रोज कामापूर्वी त्या खोलीत जाऊन चिठ्ठी बघून यायची. आपलं नाव एवढंसं असतं हे तिला माहीत नव्हतं. लोक यायचे, "वा वा" म्हणायचे, आणि पुढच्या फळीकडं जायचे. असाबेकडं जायचं धाडस तिला होत नव्हतं. वर्ग बंद होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. गाम्बो एकदा कुठली चाकं कुठं बसतील ते पावलांनी मोजत होता. तिला बघून तो ओशाळला आणि बाजूला झाला.

चौथ्या दिवशी दुपारी ती दर्शनी खोलीच्या पायरीवर बसली होती. समोर फाटकापाशी असाबेचा जुना रांजण. काठ उडालेला, मान काळवंडलेली, शेवाळानं हिरवट झालेला. लाराबानं तीस वर्षं त्याच्या शेजारूनच लाकडं नेली होती. बित्रुस कचेरीतून बाहेर आला, दर्शनी खोलीतल्या चकचकीत रांजणाकडं ढुंकूनही न बघता उन्हातून चालत फाटकापर्यंत गेला आणि जुन्या रांजणातून दोन कटोरे पाणी प्याला. इस्त्रीच्या सदऱ्यावर थोडं सांडलं, तरी त्याला पर्वा नव्हती. रांजणाच्या बुडाशी ओली माती होती, आणि त्या ओल्यात चार कोंबड्या पोट टेकून, पंख सैल सोडून, डोळे मिटून पडल्या होत्या. गावभर फुफाटा, आणि तेवढंच एक गार वर्तुळ.

लाराबा किती तरी वेळ त्या कोंबड्यांकडं बघत राहिली.

मग ती उठली, आत गेली आणि रांजण खांद्यावर घेतला. या वेळी दारातून निघताना वाकून, आडवी होऊन निघाली.

"अहो, अहो! कुठं नेताय?" बित्रुस धावत आला.

"छपराकडं."

"कशाला?"

"चुरा हवाय. माझ्याकडं दुसरं खापर उरलं नाही."

बित्रुसला कळायला दोन क्षण गेले. "वेड लागलंय का तुम्हाला? इतका सुंदर रांजण! जुनी फुटकी भांडी मागं ढिगानं पडलीयत, हवी तेवढी घ्या ना!"

"ती माझी नाहीत."

"आणि चिठ्ठी? मी चिठ्ठी लिहिलीय!"

"चिठ्ठी जपून ठेवा साहेब. अक्षर चांगलं आहे तुमचं."

छपराखाली असाबे बाजेवर पाठ टेकून बसली होती, तोंड भिंतीकडं. लाराबानं रांजण जमिनीवर ठेवला, पालीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मुसळ उचललं. आवाज सगळ्या कार्यशाळेत गेला. चाकं थांबली. गाम्बो हात चिखलानं भरलेले तसेच घेऊन दारात येऊन उभा राहिला. मग आत आला, खाली बसला आणि दुसरं मुसळ मागितलं.

"नको," लाराबा म्हणाली. "हे माझं मीच कुटणार. तू लाकडं आण. मला आता वेळ नाही लाकडांना."

असाबे भिंतीकडं तोंड करून बसलेलीच राहिली. पण तिचे खांदे हलले. हसत होती की खोकत होती ते लाराबाला दिसलं नाही.

चुरा चाळून, माती मळून झाली तेव्हा असाबे जायला बावीस दिवस उरले होते. लाराबानं चार दिवसांत रांजण उभा केला. पाल बसवली नाही, वेळच नव्हता. मानेवर फक्त दोऱ्याच्या वेढ्यांची नक्षी फिरवली, आई करायची म्हणून आठवत होती तशी. दहा फेऱ्या अशा, दहा उलट्या. वारा कोरडा होता म्हणून अकराव्या दिवशीच तो गालाला गार लागेनासा झाला. आव्यासाठी लाकडं गाम्बोनं आणली. डोक्यावरून आणली, तेव्हा सगळ्या बायकांनी तोंडावर हात ठेवून त्याची टर उडवली. काढा लाराबानं मानेला आणि खांद्याला लावला, आणि मग कुंचा गाम्बोच्या हातात देऊन म्हणाली, "लांब नेऊन ठेव. माझा भरवसा नाही."

रांजण भरला. पाझरला. तळं झालं. लाराबानं त्याच्यावर फडकं टाकलं आणि चार दिवस त्याच्याकडं बघितलंच नाही. पाचव्या दिवशी तळ्याचं वर्तुळ झालं होतं.

असाबेला न्यायला जावयाची गाडी सकाळी यायची ती दुपारी आली. बोचकी चढली. डोळ्यावरची पट्टी निघाली होती, पण उन्हात ती डोळे मिटूनच चालायची. लाराबा तिला हाताला धरून कडुलिंबाखाली घेऊन आली. जावई हॉर्न वाजवत होता.

असाबेनं मान चाचपली, दोऱ्याच्या वेढ्यांवर बोट फिरवलं आणि क्षणभर थांबली. तळवा पोटावर आला. ओल लागली. तिनं तो ओला तळवा स्वतःच्या गालाला लावला, मग मिटल्या डोळ्यांना.

लाराबानं कटोरा दिला. 

असाबे प्यायली. सगळा प्यायली. कटोरा पुढं केला.

"दुसरा दे."

लाराबानं दिला. तोही संपला.

"अजून एक."

"अहो आत्याबाई, वाटेत थांबावं लागेल!" जावई गाडीतून ओरडला.

"थांबू," असाबे म्हणाली. "गाडी तुझी आहे, पोट माझं आहे."

तिसरा कटोरा रिकामा करून तिनं तोंड पुसलं आणि ती गाडीकडं वळली. लाराबा तिच्यामागं गेली. तिला आस होती ती दगडाची, पण मागायची कशी? असाबे गाडीत बसली, पाय आत घेतले, कापड सारखं केलं. दार लावायच्या आधी लाराबाला राहवलं नाही.

"मावशी, दगड?"

"कसला दगड?"

"घोटायचा."

"तो छपराच्या वळचणीला आहे, डाव्या हाताला. तिथंच ठेवलाय मी. तू मुसळ घेतलंस त्या दिवशी."

लाराबानं गाडीचं दार धरलं. "त्या दिवशीच? मग आज तीन तीन कटोरे पाणी कशाला प्यालात?"

असाबेनं धूसर डोळे तिच्याकडं वळवले. जणू इतकी साधी गोष्ट विचारणाऱ्या विद्यार्थिनीला अजून किती शिकायचं आहे याचा अंदाज घेत होती.

"तहान लागली होती," ती म्हणाली.

गाडी फुफाट्यात दिसेनाशी झाली. बित्रुस कचेरीतून निघाला, फाटकाकडं चालायला लागला, अर्ध्या वाटेत थबकला आणि कडुलिंबाकडं वळला. त्याच्याआधी एक कोंबडी तिथं पोचली होती. तिनं ओल्या मातीत दोनदा पाय खरवडले, पंख सैल सोडले आणि रांजणाच्या बुडाला टेकून बसली.

लाराबा छपरात गेली आणि डाव्या वळचणीत हात घातला. मागून गाम्बोचा आवाज आला.

"काकू, त्या फेऱ्या पाठीमागं चालतच घालायच्या का?"

"आधी माती तुडव," लाराबा म्हणाली. "डोळे मिटून."